युन बाईंच्या वाट्या

२ जून, सोमवार

आज चैत्राली हसली! सोफा म्हणजे कालवा, फ्रिज म्हणजे मोठं चर्च, बाल्कनी म्हणजे टेकडीवरचा किल्ला — आणि मी एकटी म्हणजे दहा पर्यटक. हातात मिटलेली छत्री धरून सूनबाई मला घरभर फिरवत होत्या. फ्रिजपाशी थांबून चर्चचा सगळा इतिहास सांगितला आणि म्हणाली, "एनी क्वेश्चन्स?" मी हात वर केला. "बाथरूम कुठे आहे?" तर हसत खालीच बसली. "अहो आई, लोक सगळ्यात आधी हेच विचारतात!"

मुद्दाम लिहून ठेवतेय. कारण या खेपेला आल्यापासून तिचं हसणं ऐकलंच नव्हतं. पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवायची, वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचायचा म्हणे. इथे हॉलंडात माझ्या आशुतोषच्या नोकरीमागे आली आणि चार वर्षं नुसती उत्तरं गोळा करतेय — डच हवं, इथला अनुभव हवा, बघू, कळवू. डच शिकली. तरी कळवू! दुपारी खिडकीशी उभी असते. मी काही बोलत नाही. आशूही बोलत नाही. तो लॅपटॉप उघडतो.

तर आता हा बेत. लायडनमध्ये संध्याकाळची शहरफेरी, शेवट कोरियन जेवणाने. अगदी त्यांच्या पारंपरिक पद्धतीचं, खाली बसून. तिथली फेऱ्या काढणारी एक छोटी कंपनी म्हणाली आहे, जेवणाचं टेबल पक्कं कर, मग शुक्रवारची फेरी तुझी. मी विचारलं, हॉलंडात येऊन कोरियन कशाला? म्हणाली, "डच जेवण घालायचं तर बटाटे उकडून कितीसे घालणार!"

पटलं.

४ जून, बुधवार

लायडनला जाऊन युन बाईंना भेटलो. घरून, म्हणजे रायस्वाइकहून, हेगला गाडी बदलायची, तिथून थोडंसंच. या बाई माझ्याच वयाच्या. मुलामागे आल्या आणि त्याच्या घरात बसून कंटाळल्या म्हणून खानावळ काढली. चैत्राली आणि त्या वाचनालयातल्या डचच्या वर्गात शेजारी बसायच्या. दोघींना एकच क्रियापद यायचं नाही, म्हणून मैत्री.

बाई कडक आहेत. एक शुक्रवार बघते, म्हणाल्या, मग ठरवते. आपली माणसं आण. नीट झालं तर कायमचं टेबल, नाही तर नाही. आणि पाहुण्यांनी वेळेवर यायचं. मी टेलिफोन खात्यात उभी हयात काढली आहे, माणूस आवाजावरून कळतो. ही बाई शब्दाची पक्की आहे.

मी शाकाहारी म्हणून किमचीत, त्यांच्या त्या आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात, मासळीचं काही असतं का विचारलं. असतं. मग म्हणाल्या, तुझ्यासाठी वेगळी घालते. मला एकदम बरं वाटलं.

५ जून, गुरुवार

दहा जण जमले. सगळे इथल्या मराठी मंडळाचे. फुकट जेवण म्हटल्यावर वेळेवर येणार!

६ जून, शुक्रवार

छान ऊन. चैत्रालीने सकाळपासून तीन ड्रेस बदलले. मी एकदा साडी नेसले ती नेसले.

७ जून, शनिवार

कालचं सगळं लिहायचंय, पण पोट अजून जड आहे.

फेरी अप्रतिम झाली. माझी सून आहे म्हणून म्हणत नाही! (म्हणूनही म्हणते.) पहिल्या कालव्यापाशी आवाज थोडा कापला. दुसऱ्या पुलावर कॉलेजातली चैत्राली परत आली. भिंतींवर चक्क कविता रंगवल्या आहेत, नाना भाषांतल्या. त्या वाचायला सगळ्यांना तिने आपापल्या गतीने सोडलं. किल्ला मात्र अगदीच किरकोळ, एवढीशी टेकडी आणि वर गोल भिंत. मी म्हटलं, याला किल्ला म्हणतात? सगळे हसले, आणि तिने तेच धरून पुढचं सांगितलं. या गावाला चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी वेढा पडला होता. लोक उपासमारीने मेले. वेढा उठला तेव्हा गावात पाव आणि मासे वाटले, आणि अजून दर ऑक्टोबरात वाटतात. सांगताना तिचे डोळे चमकत होते. एरवी गप्पा हाणणारा मंडळातला प्रतीकसुद्धा मान खाली घालून ऐकत होता.

सगळ्यात मागून आशू. कुणी चुकू नये म्हणून! ऑफिसातून लवकर निघून आला होता. मला नवलच वाटलं. सगळ्या वेळात फोन खिशातून काढला नाही, तिच्याकडेच बघत होता.

मग जेवण. बुटकी टेबलं, खाली गाद्या. मी मांडी घालून बसले, बाकीच्यांचे गुडघे कुरकुरले. समोर वाट्याच वाट्या. पालक, मोड आलेलं कडधान्य, मुळा, टोफू, गोडसर बटाटा, समुद्रातलं कसलंसं हिरवं, दोन प्रकारची किमची. भात, गरम सूप. आणि कुणी सुरू करेना! युन बाई माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. मला वाटलं, सगळ्यांचं वाढून होऊ दे, बाई "बसा, करा सुरुवात" म्हणतील. त्यांच्यात सगळ्यात मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय कुणी उचलत नाहीत. म्हणजे माझ्यासाठी सगळे खोळंबले. सूप निवायला लागलं तेव्हा चैत्राली कानाशी येऊन म्हणाली, "आई, तुम्ही घ्या ना!"

घेतलं. आणि काय चव! मुळा तर असा की आशूचे बाबा असते तर डबा भरून मागितला असता.

संपवलं. वाट्या लख्ख. आपल्याकडे टाकायची पद्धत नाही, त्यात दुसऱ्याच्या घरचं. चैत्रालीही प्रत्येकाच्या मागून जाऊन हळूच सांगत होती, काही उरवू नका हं, बाईंना वाईट वाटेल. वाट्या रिकाम्या झाल्या तशा बाई आल्या आणि सगळ्या पुन्हा भरून गेल्या. आता आग्रहाला नाही कसं म्हणायचं? पुन्हा संपवल्या. बाई पुन्हा आल्या. चेहरा जरा लाल. पुन्हा भरल्या! मी पदराआड ढेकर दिली आणि पुन्हा पालकाकडे वळले. प्रतीक म्हणाला, "काकू, आता पालक दिसला तरी डोळे मिटतायत माझे." मी त्याला दटावलं. खा म्हटलं, कष्टाने केलंय बाईंनी.

शेवटी वाट्या लख्ख आणि आम्ही आडवे व्हायच्या बेताला. बाई आतून आल्या नाहीत. नुसती मान लववली, तीही दारातून. येताना गाडीत आशू म्हणाला, "वेढा लायडनला नाही, युन बाईंना पडला होता." सगळे हसले, मीसुद्धा. चैत्राली हसली नाही.

८ जून, रविवार

युन बाईंचा निरोप आला. पुढचा शुक्रवार नको. विचार करून सांगते.

काय झालं ते चैत्रालीने सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. वाटी रिकामी झाली म्हणजे यजमानीण कमी पडली, असं त्या मानतात. पोट भरलं की पाहुण्याने थोडं ठेवायचं. आम्ही ठेवलंच नाही, त्या भरत राहिल्या! शनिवारसाठी केलेलं सगळं आमच्या पोटात गेलं. पलीकडच्या टेबलांना वाट्या मिळाल्या नाहीत, बाईंनी खानावळ लवकर बंद केली. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती म्हणे.

"माझंच चुकलं," चैत्राली म्हणाली. "मीच सगळ्यांना सांगत सुटले, उरवू नका."

तिला कुणी शिकवलं? आईने. तिच्या आईला तिच्या आईने. आशूला मी शिकवलं, पानावरून उठू दिलं नाही कधी. यात चूक कुणाची धरायची! पण ती परत खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला ते बघवेना. भांडी घासायला घेतली, मशीन असून.

९ जून, सोमवार

कंपनीचा मेल. टेबलाचं काय? गुरुवारपर्यंत सांगा, नाही तर ही फेरी दुसऱ्याला देऊ. चैत्राली म्हणते, फोन करून बाईंना आणखी लाजवणार नाही मी.

बरं. ती नाही करणार.

१० जून, मंगळवार

एकटी लायडनला जाऊन आले! घरी सांगितलं, बागेत बसते. हेगला चुकीच्या फलाटावर उभी राहिले, एका पोरीने हाताला धरून योग्य गाडीत बसवलं. तेवढंच.

खानावळीत दुपारी कुणी नव्हतं. युन बाईंनी मला पाहिलं आणि चेहरा असा झाला, जणू मी अजून जेवायची राहिले आहे! मी म्हटलं, "वन डिनर. फॉर मी." त्या आत गेल्या. वाट्या आल्या. आज जरा मोठ्या.

खाल्लं. सावकाश. आणि मग प्रत्येक वाटीत एकेक घास ठेवला. लिहायला सोपं आहे! हात मागे येईना. अन्न टाकून उठायचं, सत्तरीला टेकलेल्या बाईने, तेही चांगलं गोड लागत असताना. मुळ्याच्या वाटीपाशी तर चमचा दोनदा आत गेला आणि मी दोनदा बाहेर काढला. मनात देवाची माफी मागितली. मग चमचा आडवा ठेवला आणि पोटावर हात ठेवून म्हटलं, "फुल. व्हेरी फुल."

युन बाई उभ्या होत्या. एकेक वाटी बघितली. भरल्या नाहीत.

"फ्रायडे," त्या हळूच म्हणाल्या, "यू नॉट हंग्री?"

"नो! नो हंग्री! गुड मॅनर्स!" मी म्हटलं. "इन माय हाउस, एम्प्टी प्लेट, गुड मॅनर्स."

बाईंना मग हसू फुटलं. तोंडावर हात ठेवून हसल्या, मग हात काढून हसल्या, मग माझ्यासमोर बसल्याच. म्हणाल्या, त्या रात्री झोपले नाही. मुलाला म्हटलं, माझा हात आखडला, आता म्हातारी झाले, बंद करते. मी म्हटलं, तुमचा हात आखडलेला असता तर माझं पोट अजून दुखलं नसतं! हे सगळं त्यांच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या टेलिफोन खात्यातल्या. पण कळलं सगळं.

निघताना म्हटलं, माझी सून फार चांगलं सांगते गावाबद्दल. ऐकायला हवं तुम्ही. बाई म्हणाल्या, वर्गातही तीच बोलायची. या वर्षी गप्प झाली.

म्हणजे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

११ जून, बुधवार

युन बाईंचा फोन! शुक्रवार दिला. कायमचा! एकच अट घातली — पहिल्यांदा तुमचे लोक नकोत. चैत्राली फोनवर "येस, येस" म्हणत नाचत होती. मी कुकर लावत होते. बागेत बसल्याचा मला खूप फायदा झाला, म्हटलं. तिला काही कळलं नाही. आशू मात्र माझ्याकडे बघत होता.

१४ जून, शनिवार

काल पहिली खरी फेरी. नऊ जण, एकही ओळखीचा नाही. एक डच जोडपं, एक जर्मन कुटुंब, दोघी मैत्रिणी आइंडहोवनहून आलेल्या. मी आणि आशू मागून. ती डचमध्ये बोलली, मग इंग्रजीत, मग पुन्हा डचमध्ये. मला शब्द कळत नव्हते, पण वेढ्याची गोष्ट कुठे आली ते बरोबर कळलं, कारण सगळे चालायचे थांबले.

खानावळीच्या दारात तिने सगळ्यांना आधीच बजावलं — आवडलं तर दोनदा घ्या, आणि मग एकेक घास ठेवा, नाही तर बाई तुम्हाला सोडणार नाहीत! युन बाई आतून खाकरल्या. सगळे हसले. मी बाहेरच थांबले. आशूने विचारलं, जेवायचं नाही? म्हटलं, घरी पोळी-भाजी करून ठेवलीय. आम्ही दोघं कालव्याच्या कठड्यावर बसलो. उजेड होता अजून. आशू म्हणाला, "आई, तू बागेत गेली नव्हतीस ना?" मी म्हटलं, बाग कुठे पळून जाते! त्याने माझा हात धरला. लहान असताना धरायचा, त्यानंतर बहुधा आत्ताच. मग डोळे पुसले. पोरगा दमलाय, असं मला वाटलं. उद्या माझं परतीचं विमान, आज सामान भरायचंय. चिवड्याचे रिकामे डबे परत नेतेय.

१५ जून, रविवार

विमानात बसले.

आत जायच्या आधी चैत्रालीने घट्ट मिठी मारली आणि सांगितलं. माझ्या शेजारची सीट तिची होती. फक्त जायचं तिकीट, परतीचं नाही. आशूनेच काढून दिलं होतं — "तुला अशी बघवत नाही मला, तू जा" असं म्हणून. मी आले त्याच आठवड्यात. दोघं माझ्यासमोर महिनाभर एका टेबलावर जेवले आणि मला कळलं नाही.

काल सकाळी रद्द केलं तिने.

दार लागलं आत्ता. शेजारी कुणी नाही. इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.