शेवटच्या खोलीतली चूल

नाना, तुम्ही कचेरीतली नोकरी सोडलीत त्या वर्षीची एक सकाळ मला इतकी वर्षं उलगडत नव्हती. जळगावात भाड्याने दिलेल्या आपल्या आठ खोल्यांपैकी शेवटची रिकामी होती, तरी आई तिथे बसून भाकरी थापत होती. मी विचारलं, "इथे कोण राहायला आलं?" तुम्ही म्हणालात, "आज तोंड उघडायचं नाही." मी गप्प बसलो, पुढे आयुष्यात तेवढा वेळ पुन्हा कधी गप्प बसलो नाही. मग धुळ्याचे सावकार आले, अंगणातून छपराकडे पाहिलं आणि चहा न घेता गेले. खोल्या त्यांच्याकडे गहाण पडल्या, त्या आजवर तशाच.

आता मीही शाळेतली नोकरी सोडून सभा घेत हिंडतो. छापखाना काढायचा आहे. माझं बोलणं मैदानातच विरून जातं, ते मला पुरत नाही. इथला एक सावकार म्हणाला, "जुनं गहाण मी फेडतो. खोल्या माझ्याकडे ठेवा, वर छापखान्यापुरती रक्कम देतो. पगार किती?"

"नाही."

"भाषणांचं काय मिळतं?"

"कधी हार, कधी तुरुंग."

तो हसला नाही. "मग भाड्यावरच द्यावं लागेल. उद्या सकाळी येतो. जितक्या खोल्यांतून धूर, तितके भाडेकरू धरीन."

शेवटची खोली आजही रिकामीच आहे, आणि सात खोल्यांच्या भाड्यावर छापखाना होत नव्हता. सकाळी मी तिथे फुंकणी घेऊन बसलो. तुमच्या वेळेपासूनची भाडेकरू अक्का दारात येऊन हसायला लागली. "भाऊ, तुमनी मायनी बी अशीच चूल पेटाडेल व्हती."

सावकार आला. अंगणात थांबला नाही, सरळ आत शिरून भिंतीवरून हात फिरवला. हाताला काजळी नाही, नुसता चुना. "सात," तो म्हणाला आणि निघून गेला.

नाना, तुमचा सावकार आत का आला नाही? फसला, की समजून फसला? आणि तुम्ही त्याच्या डोळ्यांत पाहू शकलात का? मला नाही जमलं.

तुम्ही गेल्यावर आता पाठवायचं कुठे, म्हणून हे पत्र तुमच्या जुन्या पेटीत ठेवतो. परवाच्या सभेत सावकारांच्या लबाडीवर दीड तास बोललो. टाळ्या पुष्कळ पडल्या. चुलीचा विषय मी काढला नाही.