तक्त्यात नसलेली

३ मार्च, सोमवार

समितीचं काम आजपासून माझ्याकडे. वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा की नाही, आणि केला तर बायकांवरचे अत्याचार कमी होतील का, एवढाच प्रश्न. साक्षीदार बोलणार, मी टाइप करणार. सहा आठवडे. साहेबांनी विचारलं, विषय असा आहे, दुसऱ्या कुणाला देऊ का? म्हटलं, नको, चालेल. मला हल्ली सगळंच चालतं.

अर्धा दिवस शब्दातच गेला. 'वेश्या' लिहायचं की 'शरीरविक्रय करणारी' की नुसतं 'त्या महिला'? समितीतल्या वकीलबाईंचं एक, प्राध्यापकांचं दुसरं. शेवटी अध्यक्ष (निवृत्त न्यायाधीश, ऐकायला जरा कमी येतं) म्हणाले, तूर्त 'संबंधित महिला' लिहा. कुणाशी संबंधित, ते बहुधा अहवालात ठरेल!

४ मार्च

संबंधित. संबंधित. संबंधित. बोटं दुखली.

६ मार्च, गुरुवार

आजचे साक्षीदार एक वयस्कर गृहस्थ, कुठल्याशा संस्थेचे. त्यांचं म्हणणं, पुरुषाची भूक म्हणजे पाणी. वाट करून दिली नाही तर भिंत फोडणारच. तेव्हा रीतसर वाट करून द्या, म्हणजे आपल्या लेकी-सुना सुखरूप राहतील. दोघातिघांनी माना डोलावल्या. मी टाइप केलं.

जेवताना ताईने भावोजींना सांगितलं, हिच्या ऑफिसात काय विषय चाललाय बघा. भावोजी म्हणाले, त्यात चर्चा कसली करायची, सोय ही हवीच. मग माझ्याकडे पाण्याचा तांब्या मागितला. मी दिला.

७ मार्च

लिहूनच टाकते.

गेल्या ऑगस्टात ताई ऑपरेशनसाठी नऊ दिवस दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी, बुधवारी, दुपारी भावोजींनी माझ्यावर जबरदस्ती केली.

एवढंच. दोन वाक्यं. लिहायला सात महिने लागले, टाइप करायला दहा सेकंद पुरले असते.

त्या दिवशी संध्याकाळी डबा घेऊन दवाखान्यात गेले. ताई म्हणाली, आज डब्याला चव नाही गं. म्हटलं, घाईत केला.

दाराला आतून ट्रंक लावून झोपते. ताईने विचारलं तेव्हा सांगितलं, कडी सैल झाली आहे. बिचारीने सुतार बोलावून नवी कडी बसवून दिली. ट्रंक लावतेच.

नवरा गेल्यापासून अकरा वर्षं या घरात आहे. ताईनेच आणलं. 'माझं घर ते तुझं घर' म्हणाली होती.

१२ मार्च, बुधवार

प्राध्यापकांनी तक्ते दाखवले. कायदेशीर केलं तिथे एका ठिकाणी बलात्काराच्या तक्रारी कमी झाल्या, दुसऱ्या ठिकाणी वाढल्या. वकीलबाईंनी विचारलं, वाढल्या म्हणजे अत्याचार वाढले की बायका बोलायला लागल्या? प्राध्यापक चांगला माणूस आहे. चष्मा काढून पुसला आणि म्हणाला की ते आकड्यांवरून सांगता येत नाही. ज्यांनी सांगितलंच नाही त्या या तक्त्यात नाहीत.

मी नाही. मी कुठल्याच रकान्यात नाही. हे काही वाईट वाटून लिहीत नाहीये. नोंद म्हणून.

१३ मार्च

ताई कपड्यांच्या घड्या घालता घालता समितीचं विचारत होती. मी थोडंफार सांगितलं. ती खाली बघूनच म्हणाली, होऊ दे गं कायदेशीर. हे महिन्यातून दोनदा तिकडे जातात, मला काय ठाऊक नाही? जातात ते बरंच आहे. घर शांत राहतं. मग माझ्या पांढऱ्या ब्लाउजची घडी घातली, वरून हात फिरवला, माझ्यापुढे ठेवली.

मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळलं.

१८ मार्च, मंगळवार

आज पहिल्यांदाच संबंधितांपैकी एक आली. पन्नाशीची असेल. जाड चष्मा, हातात कापडी पिशवी, पिशवीत कागद. खुर्चीवर अशी बसली की जणू बँकेत खातं उघडायला आली आहे. बाकीच्या बायकांनी तिला पुढारी केलंय म्हणे. आपसात तिला चष्मेवालीच म्हणतात, तिनेच सांगितलं.

अध्यक्षांनी तिला ते पाण्याचं आणि भिंतीचं वाचून दाखवलं. काय वाटतं? तिने नीट ऐकून घेतलं. तिचं उत्तर टाइप केलं तसंच इथे उतरवते :

"साहेब, जो माणूस बाईचं 'नको' ऐकत नाही, तो आमच्याकडे आला म्हणून शहाणा होत नाही. आमच्यावर त्याचा हात बसतो. बसलेला हात घेऊन तो घरी जातो."

वकीलबाईंनी विचारलं, म्हणजे तुमचा कायद्याला विरोध आहे? नाही, म्हणाली, कायदा हवाच. पण तुमच्या बायका वाचाव्यात म्हणून नको. आम्ही काय त्यांच्या वाटणीचा मार खायला बसलोय? दोन वर्षांपूर्वी तिच्या शेजारच्या खोलीतल्या मुलीला एकाने गळा दाबून बेशुद्ध केलं. या दोघी चौकीत गेल्या. तिथे विचारलं, तुझा धंदाच तो, मग जबरदस्ती कसली? वर दोघींनाच संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तो माणूस मोकळा. त्यानंतर तो कुणाकुणाच्या घरी गेला असेल, ते तुम्ही शोधा, म्हणाली. मला फक्त एवढंच हवंय की मी सांगितलं तर लिहून घेतलं जावं.

जाताना माझ्यापाशी थांबली. सगळं उतरलं का बाई? म्हटलं, शब्दन् शब्द. ती म्हणाली, छान.

ऑफिसातून घरी चालत आले. बस समोर उभी होती, पण चालत आले.

२० मार्च

दुसरी आली, हिने धंदा सोडलाय. एका रुग्णालयात चादरी धुते. हिचा कायद्याला पक्का विरोध. तिला तिच्या मामानेच आणून सोडलं होतं, चौदाव्या वर्षी. म्हणाली, आज मालकिणीला निदान दार वाजलं की पोलिसांची भीती वाटते. उद्या दारावर परवाना टांगला की तीही जाईल. मग चौदाची पोर अठराची म्हणून लिहायला किती वेळ लागतो?

चष्मेवालीचं ऐकलं तेव्हा ती बरोबर वाटली. हिचं ऐकलं तर हीही बरोबर. समितीने काय ते ठरवावं, मी टायपिस्ट.

पण दोघींनीही एक गोष्ट सारखीच सांगितली. जो मारायचा, त्याला बाहेर सगळे चांगला माणूस म्हणायचे.

२५ मार्च, मंगळवार

दादाच्या मुलीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळणार. सोळा वर्षांची आहे. दादा गेल्यापासून वहिनी एकटीच ओढते आहे, त्यामुळे ताईने परस्पर सांगून टाकलं, पाठव आमच्याकडे. पुढच्या शनिवारी, पाच तारखेला येते आहे. आधी प्रवेशपरीक्षेच्या तयारीचा एक वर्ग करायचा आहे, मग कायमचीच. तिची गादी मधल्या खोलीत घालायची असं ठरलं. मधल्या खोलीला दार नाही, पडदा आहे.

भावोजी म्हणाले, येऊ दे पोरीला, घर भरल्यासारखं वाटेल. टेबल कुठे ठेवायचं ते त्यांनी स्वतः मोजून पाहिलं.

आज टाइप करताना तीन चुका झाल्या. माझ्या कधी होत नाहीत.

२८ मार्च, शुक्रवार

ताईला सांगितलं.

भावोजी कामावर होते, मी अर्धी रजा टाकून दुपारी आले. ती धान्य निवडत होती. समोर बसले आणि ती दोन वाक्यं म्हटली, सातव्या तारखेला लिहिली तशीच, आणि तिसरं जोडलं : पोरीला इथे ठेवू नकोस.

तिचे हात ताटातच राहिले. मला वाटलं, मारेल, नाहीतर रडेल, नाहीतर खोटारडी म्हणेल. यातलं काहीच झालं नाही. खरंच कळत नसल्यासारखं तिने विचारलं,

"पण हे तिकडे जातात ना? मग तुझ्याकडे कशाला?"

मी काय सांगू! समितीलाही हेच कळत नाहीये, पंधरा साक्षी झाल्या.

मग ती उठली आणि ताट घेऊन आत गेली. निवडलेलं आणि न निवडलेलं एकत्र झालं होतं.

२९ मार्च

ताई बोलत नाही. मला वाढते, पण बोलत नाही.

१ एप्रिल

तेच. पाठ करून उभी असते. भावोजी विचारत होते, दोघी बहिणींचं काय बिनसलंय?

५ एप्रिल, शनिवार

पोरीला बसथांब्यावरूनच परस्पर नेलं. आमच्या ऑफिसच्या दफ्तरखान्यातल्या बाईंच्या घरी माडीवरची खोली रिकामी होती. परवा विचारलं, तर कारण न विचारता किल्ली दिली. म्हणाल्या, नळाला सकाळीच पाणी असतं, तेवढं सांभाळा. मी माझी ट्रंक सकाळीच आणून टाकली होती. ताई दारात उभी राहून बघत होती. नको म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही.

पोर म्हणते, आत्या, आपण मोठ्या आत्याकडे का नाही राहायचं? सांगणार आहे. सोळाची आहे, सांगितलंच पाहिजे. दोन दिवस जाऊ देत.

वहिनीला फोन केला, पोर पोचली एवढंच सांगितलं. तिलाही कळवायचं आहे. एवढ्या सगळ्यांना सांगायचं म्हणजे पुन्हा पुन्हा तीच दोन वाक्यं. पाठ होतील.

दुपारी अंथरुणं घातली आणि दोघी आडव्या झालो. चार तास झोपले. पोर उठवायला आली तेव्हा कुठे आहे तेच कळेना.

८ एप्रिल

ताईचा फोन. समितीचं कामकाज कुठल्या इमारतीत चालतं, एवढंच विचारलं. सांगितलं. तिने ठेवून दिला.

११ एप्रिल, शुक्रवार

शेवटचा दिवस. ज्याला बोलायचं त्याने यावं, असा.

चौथ्या नंबरला ताई आली. माझ्याकडे पाहिलं नाही. व्यवसाय, गृहिणी. म्हणाली, "ऑपरेशनला जाताना मीच नवऱ्याला सांगितलं होतं, तिकडे जाऊन या, घरात माझी धाकटी बहीण आहे. ते सोमवारी जाऊन आले. बुधवारी तिच्यावर जबरदस्ती केली. म्हणजे माणूस कसा आहे ते मला ठाऊक होतं, साहेब. ठाऊक होतं म्हणूनच तर सांगितलं. आणि तरी मी तिला तिथेच ठेवून गेले."

मी टाइप केलं.

अध्यक्षांनी कानाला हात लावून विचारलं, ती बहीण साक्ष द्यायला येऊ शकेल का?

मी उभी राहिले. म्हटलं, "आले आहे."