बांगड्यांचा वेगळा ट्रॅक

बाबा, आज मी कपाटात बसून गायले. हसू नका. थोरल्याची मुलगी कॉलेजात आहे. हिंजवडीच्या आमच्या फ्लॅटमधलं कपड्यांचं कपाट रिकामं करून तिने त्याला आतून माझ्या दोन गोधड्या लावल्यात, मध्ये माईक टांगलाय आणि त्याला ती स्टुडिओ म्हणते. रविवारी धाकट्याच्या लेकीचं बारसं आहे. पाहुण्यांसमोर माझा आवाज थरथरतो, म्हणून आईचा पाळणा आधीच रेकॉर्ड करून ठेवायचा असं तिने ठरवलं. पंखा बंद, फ्रीज बंद, कुकर गॅसवरून खाली. हेडफोन लावून मी पहिली ओळ म्हटली आणि बाहेरून ओरड आली, "आजी, बांगड्या!"

तुमचीच ओरड, बाबा.

बुधवार पेठेतलं आपलं दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि सोल्डरिंगचा वास. शाळा सातवीत सुटलेली. दुपारी तुमचा डबा घेऊन मी यायचे. टेप दुरुस्त झाला की तपासायला तुम्हाला आवाज लागायचा. रद्दीतला कागद पुढे सरकवायचात, "वाच." कधी बाजारभाव, कधी कथेचं मधलंच पान. पुढचं पान नसायचं, त्यातूनच मला वाचायची गोडी लागली. अजून पुढची पानं शोधतेच आहे. मी वाचतेय, लाल दिवा लागलाय, तुम्ही डोळे मिटून ऐकताय आणि कागद उलटताना काचेच्या बांगड्या किणकिणतात. तुम्ही बटण दाबता. "आपण टेप तपासतोय, कासाराचं दुकान नाही काढलेलं. पुन्हा."

माझ्या एकतिसाव्या वर्षी हे गेले. दहाव्याला बायका जमल्या, एकीने माझा हात धरला. आणि जन्मभर त्या बांगड्यांवर करवादलेले तुम्ही दारातून म्हणालात, "राहू द्या त्या. घरात तो आवाज लागतो मला." हात सुटला. दोन वर्षांनी तुम्हीही गेलात. यांची आठवण रोजचीच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण त्या दिवसापासून मी हात कधी मोकळा केला नाही. एक फुटली तर दुसरी भरून घेते.

"दोन मिनिटं काढ ना," नात म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने वरून रुमाल बांधला. तरी खडखड यायचीच. तीनदा झालं. "एवढं काय आहे गं त्यात?" मग कपाटात बसल्या बसल्या तिला सगळं सांगितलं. ती खाली फरशीवर बसून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग नकोच काढू. येऊ दे खडखड."

ती असं म्हणाली आणि मी बांगड्या उतरवल्या. त्या दिवशी काढायला आलेला हात दुसऱ्याचा होता, आज माझा होता. त्या तिच्या ओंजळीत ठेवल्या आणि पाळणा एका दमात म्हटला.

नंतर तिने कॉम्प्युटरवर आवाजामागची घरघर काढली, माझी धाप कमी केली, घसरलेला एक सूर वर सरकवला.

"ही लबाडी झाली," मी म्हटलं.

"लग्नात पावडर लावली होतीस ना? तेवढीच."

ऐकलं. गोड होता आवाज, पण धुऊन इस्त्री केलेला, शेजारणीचा वाटावा असा. नातीनेही नाक मुरडलं. "ही माझी आजी नाही. चल, परत आत." बांगड्या माझ्या हातात चढवून ती म्हणाली, "आता गायचं नाही. नुसता पाळणा हलव." मग अंधाऱ्या कपाटात, गोधड्यांच्या मध्ये, मी नसलेल्या पाळण्याची दोरी ओढत बसले आणि मला इतकं हसू यायला लागलं की तेही तिला दोनदा पुसावं लागलं. बांगड्यांचा वेगळा ट्रॅक, बाबा! तिने तो माझ्या आवाजाखाली हलकेच घातला आणि पाळणा आपल्या घरचा झाला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमच्या दुकानातलं एक अर्धवट पान अजून जपलंय, त्यात घडी घालून ठेवीन. फक्त एक गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती. कागद उलटताना त्या बांगड्या आपोआप वाजत नव्हत्या. तुम्ही "पुन्हा" म्हणालात की मला तुमच्याजवळ आणखी थोडा वेळ बसता यायचं.