डुलेश्वरीच्या देशातली दोरी

हुडको, भिलाई
रविवार

प्रिय आईले,
ममताचा वाकून नमस्कार.

फोनवर तुले नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिली. आमी बरे आहोत. तुह्या जावयाचा खोकला रात्रीच वाढते, दिवसा ड्युटीवर जातेतच. तू काळजी करू नको. तुहा गुडघा कसा आहे?

मी शिकवते त्या शाळेत वरून चित्रायच्या स्पर्धेचा विषय आला, शाश्वत विकासाचा आदर्श देश बनवा म्हणून. कोणाले सुचते असं, देव जाणे. पण पोरायनं मन लावून चित्रं काढली. सगळ्यायले पाणी, सगळ्यायले दवाखाना, धूर तर कुठंच नाही.

सगळ्यात सुंदर देश डुलेश्वरीचा. तिचा बाप हथखोजच्या कारखान्यात आहे. निळं आभाळ, हिरवी झाडं, अन् घराघरापुढे एक बाई ओल्या फडक्यानं कपड्याची दोरी पुसून राहिली.

इकडे दोरी पुसल्याबिगर कोणी कपडे वाळू घालत नाही. कारखान्याच्या धुळीनं फडकं रोज काळं निघते.

मी विचारलं, "तुझ्या देशात तर धूळच नाही, मग ही बाई दोरी कशाला पुसते?"

ती म्हणे, "मॅडम, पोंछना तो पड़ता ही है।"

मी पहिला नंबर तिलेच दिला. घरी आली अन् पहिले दोरी पुसली.

आई, तुमसरले आपल्या अंगणात तू कपडे तसेच टाकत होती ना, दोरी न पुसता? मले काही केल्या आठवून नाही राहिलं. तेवढं कळव.

तुही,
ममता