कलंडू नये म्हणून

अप्पा,

बोलायला शिकायला म्हणून मी या वयात एका मॅडमकडे जातो, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही आडतीच्या दुकानात खुर्चीत मागे रेलून हमालांना बोलावून सांगितलं असतं, आणि अख्ख्या दुधनीची दिवसभर करमणूक झाली असती. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकताच सोलापुरात नोकरीला लागलो होतो. आता ती नोकरी संपवून भवानी पेठेतल्या घरात आहे, आणि वयानं तुमच्या पुढे गेलोय. सकाळी पेपर वाचतो, दुपारी पुन्हा तोच पेपर, संध्याकाळी गॅलरीत उभा राहतो. कचेरीत होतो तोवर माझ्या गप्प राहण्याचं कौतुक व्हायचं, कारण साहेब लोकांना असा माणूस आवडतो. घरी त्याचं कौतुक करणारं कुणी नाही हे निवृत्त झाल्यावर कळलं.

तुमची सून तुम्ही पाहिली नाहीत. ती बार्शीची आहे आणि भाजीवाल्याशीसुद्धा अर्धा तास बोलू शकते. दिवाळी झाल्यावर एका सकाळी तिनं सुटकेस भरून दाराशी आणून ठेवली. "मी पुण्याला लेकीकडं जाऊन ऱ्हाते," म्हणाली. "हितं मी भिंतीशी बोलते, तितं नातवंडं उत्तर तरी देतील की. तुमाला जेवण तेवढं लागतंय, डबा लावून देते." ती चिडली असती तर मी पेपर वाचत बसलो असतो. पण ती अगदी शांतपणे बोलत होती, आणि मी घाबरलो. त्याच आठवड्यात माझी छाती जड व्हायला लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "काका, हृदय ठणठणीत आहे. मनात काय साठवलंय ते कुणापाशी तरी बोला." आणि एका समुपदेशक मॅडमचा पत्ता लिहून दिला. बायको शेजारीच बसली होती. "बोलायचं? ह्यांनी?" एवढंच म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिनं सुटकेस उचलली नाही आणि रिकामीही केली नाही. "जावा त्या बाईकडं. म्हैनाभर बघते, मग ठरवते."

मॅडम आमच्या लेकीच्या वयाची आहे, विदर्भातून लग्न होऊन इकडे आलेली. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक खिडकी. मला वाटलं होतं ती एकदम मनात हात घालेल, तर तिनं आधी पोटाचं विचारलं. झोप लागते का, चालायला जाता का, कुणासोबत, शेवटचं मोठ्यानं कधी हसलात, पूजेला बसता का. पूजा सुटली होती. "पुन्हा बसून बघा," म्हणाली, "बरं वाटतं की नाही ते तुम्हीच सांगा." माणूस म्हणजे सगळा मिळून एकच, छाती वेगळी आणि मन वेगळं असं नसतं, असं तिचं म्हणणं. मी प्रत्येक प्रश्नाला "बरंय", "ठीक आहे" अशी उत्तरं देत होतो. ती कंटाळत नव्हती, हा तिचा मोठा दोष. शेवटी तिनं विचारलं, "काका, तुमच्या लहानपणी घरात कोण बोलायचं?" आणि त्यावर मी तुमचं नाव काढलं.

तुम्ही बोलायचात, घरी कानडी, दुकानात मराठी. पण खरा सौदा यांतल्या कुठल्याच भाषेत व्हायचा नाही. तुम्ही आणि समोरचा व्यापारी रुमालाखाली हात घालायचात, बोटं दाबायचात, आणि भाव ठरायचा. मी तुरीच्या पोत्यावर बसून बघायचो. एकदा सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "अप्पा, किती ठरलं?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "सुम्म कूड." गप्प बस. मार नाही, पुढे एक शब्द नाही. संध्याकाळी दुकान आवरल्यावर मात्र मला जवळ बोलावलंत, रुमाल माझ्या हातावर टाकलात आणि खाली माझी बोटं एकेक दाबून त्यांचे अर्थ शिकवलेत. तुमच्या तळहाताला धान्याची धूळ होती. मोठी माणसं महत्त्वाचं असं न बोलताच बोलतात, अशी मी त्या दिवशी समजूत करून घेतली आणि ती पुढे आयुष्यभर वापरली.

परवाचं सांगतो. मॅडम तिची खुर्ची सोडून बाजूच्या स्टुलावर बसते. रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणते, "समजा, वडील इथे बसलेत. काय बोलाल?" मी उठतो. तिला वाटतं, मी आता निघालो. मी खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहतो आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरतो. ती विचारते, "काका, मागे का? समोर या ना." मी म्हणतो, "कलंडतील."

तिला काही कळलं नाही. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, हे तिला ठाऊक नव्हतं. मग सांगितलं. तुम्हाला आंघोळ घातली, विभूती लावली, पटका बांधला आणि दुकानातल्याच खुर्चीत अंगणात बसवलं. काका म्हणाले, "तू थोरला. मागं उभा ऱ्हा, खांदं धर, कलंडू देऊ नगो." कुणीतरी म्हणालं, लिंगैक्य झालेत, शिवात मिळालेत, रडायचं नसतं. तुम्हाला बसवून न्यायचं सजवलेलं विमान, म्हणजे आपली तिरडी, यायला दुपार झाली. लोक समोरून येऊन तुमच्या पाया पडत होते, आणि तुमचा चेहरा सगळ्यांना दिसत होता, मला सोडून. मी रडलो नाही. मॅडमसमोर रडलो, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. ती म्हणाली, घरी जाऊन त्यांना पत्र लिहा, आणि पुढच्या वेळी घेऊन या.

घरी आल्यावर बायकोनं चहा ठेवला आणि सवयीनं विचारलं, "काय झालं आज?" सवयीनं "काही नाही" म्हणायच्या ऐवजी मी तिला तुमच्या खांद्यांचं सगळं सांगितलं. चहा उतू गेला. इतक्या वर्षांत तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं गॅस बंद केला, ओटा पुसला. मग म्हणाली, "मग तवा काय वाटलं तुमाला?" मी म्हणालो, "हात दुखत होते." सुटकेस अजून दाराशीच आहे. आज तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडलाय.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि मॅडमकडे मी ते नेणार नाही. आत भाकऱ्या थापण्याचा आवाज चाललाय. तो थांबला की उठून तुमच्या सुनेला परवा न सांगितलेलं तेवढं सांगेन. हात दुखत होते हे खरं आहे. पण विमान दाराशी आलं तेव्हा मला ते यायला नको होतं. तुम्ही इतका वेळ माझ्या हातात कधीच नव्हतात, अप्पा, आणि मला बरं वाटत होतं.