कमी आवाजाची रायफल

बाबा, तुमची ठासणीची भरमार बंदूक मी पोलीस ठाण्यात जमा केली. परवाना माझ्या नावावर करून घेतला आणि तिच्या जागी रायफल आणली. तुम्ही गेल्यापासून शेत मीच करते, तेव्हा बंदूकही माझ्याकडेच आली. गोंदियाच्या दुकानदारानं काउंटरवर दोन रायफली ठेवल्या. एक तीनशे पंधरा बोअरची. "दीदी, ये चलेगी तो पूरा गाँव उठ जाएगा," तो हसत म्हणाला. दुसरी बावीस बोअरची. तिची गोळी करंगळीच्या पेराएवढी, मार कमी, आवाजही कमी. त्यातही त्यानं हळू जाणाऱ्या गोळ्यांची एक डबी दाखवली. तिचा वेग कमी म्हणून कडाका नाही, बाजूच्या धानाच्या बांधीतल्या माणसाला कळायचंही नाही. मी बावीसची घेतली आणि तीच डबी मागितली. घरी सांगितलं, म्हशीसाठी घेतली; बार झाला की ती बिचकते, पान्हा सोडत नाही. तुमच्या भरमारीनंतर दोन दिवस म्हैस आईला दूध द्यायची नाही आणि आई तुमच्याशी बोलायची नाही, हे सगळ्यांना आठवत होतं. त्यामुळे कुणी पुढे काही विचारलं नाही.

तुम्ही त्या भरमारीनं काही मारल्याचं मला आठवत नाही. मी पंधराची असेन. लाखोळी डाळ पेरलेल्या बांधीत कोल्हा दिसला आणि मी तुमच्या हातातून बंदूक ओढून नेम धरला. तुम्ही नळी वर ढकलता आणि माझ्या पाठीत धपाटा घालता. "आंधी हाक दे! काऊन गुपचूप मारून राहिली? बांधीत मानूस असते, ढोर असते. चोरावानी बंदूक चालवाची नाई." मग तुम्ही तोंडाशी हात धरून "होऽऽ" करता, दोन बांध्यांपलीकडून तुमचे दोस्त काकाजी "होऽऽ" करतात, आणि तेव्हा कुठे तुम्ही आभाळात बार काढता. कोल्हा तोवर पार रानात पोचलेला असतो. बार ऐकला की काकाजी चुलीवर चहाचं पाणी ठेवायचे. तुम्ही बंदूक खांद्याला लावून त्यांच्या छपरीत जायचात आणि काय झालं ते सांगायचात. कधीकधी सांगण्यासारखं काहीच नसायचं, तरी चहा व्हायचाच.

या पौषात शेळीची दोन पिल्लं कोल्ह्यानं नेली. माझं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी पहाटे, नुकतं फटफटलं होतं, लाखोळीवर धुकं होतं आणि शेताच्या कडेच्या धुऱ्यावर तांबूस पाठ हलताना दिसली. कोल्ह्याला मारायला बंदी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच हाक दिली नाही. काटकी मोडल्याएवढा आवाज झाला. गोठ्यात म्हैस रवंथ करत राहिली. जवळ गेले तर गळ्यात सुतळी होती. काकाजींचा कुत्रा, बाबा. रोज सकाळी आपल्या अंगणात पेज प्यायला येणारा. तो पेजेसाठीच येत होता. मी रडले नाही, फावडं आणलं. बोडीच्या, आपल्या शेततळ्याच्या काठाला, बेशरमाच्या झुडपांमागे त्याला पुरलं आणि हात धुऊन शेण काढायला लागले.

तीन दिवस काकाजी "यू, यू" करत धुऱ्याधुऱ्यानं फिरले. मीही त्यांच्याबरोबर फिरले. हाका मारल्या. त्या पहाटे एक हाक दिली नाही आणि आता घसा बसेपर्यंत ओरडत होते. चौथ्या दिवशी ते दमून धुऱ्यावर बसले. "बिबट्यानं नेलं असंल, माय."

"असंल, काकाजी."

मग काकाजी म्हणाले, "तुह्या बापाचा बार आयकला का मी चहा मांडत होतो. तुह्या बंदुकीचं तं काई समजतच नाई. कवा चालवली, कवा नाई."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं. भरमार असती तर ते चहा मांडून वाट पाहत बसले असते आणि मला जावंच लागलं असतं. आता चहाही नाही आणि जायलाही कुणी लावत नाही. परवा त्यांनी कुत्र्याचं पेजेचं भांडं आपल्या अंगणातून उचलून नेलं. म्हणाले, कोंबड्यांले होईल. मला माझीच किळस आली.

आत्ता लिहिताना त्यांच्या छपरीवर धूर दिसतोय. उठून दोन बांध्या ओलांडायच्या, एवढंच आहे. पण मी तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्ही काही धपाटा घालायला येणार नाही. कागद रायफलीच्या खोळीत ठेवीन. आणि बाबा, म्हशीचंही खोटंच होतं; बार कुणाला कळू नये, एवढंच मला हवं होतं. रायफल आणली तेव्हा ती भाकड होती.