धुतलेला स्पंज

नांदेड, मंगळवार संध्याकाळ

आज बाबांवर ओरडले. हदगावहून आल्यापासून तीन आठवडे ते माझ्या नव्या, अजून मासे न सोडलेल्या टाकीसमोर बसून असतात. मी शाळेत शिकवून येईपर्यंत त्यांनी फिल्टरचा स्पंज नळाखाली लख्ख धुऊन ठेवला.

"लई घाण झालता, माय."

त्या मळातच माशांसाठी पाणी निर्धोक ठेवणारे जिवाणू वाढत होते. सगळे गेले. पण हे त्यांना कधी सांगितलं होतं मी?

मग अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून मासे असलेल्या टाकीतला मळका स्पंज मागून आणला आणि त्यांच्याच हाती दिला. "पिळा आपल्या टाकीच्या पाण्यात. ह्यातले जिवाणू तिथे वाढतील."

पिळता पिळता चेहरा उजळला. "म्हणजे हे विरजणच की!"

आता ह्यांनाही टाकीला हात लावू देत नाहीत. "हलवू नका जावईबापू, जमून राहिलंय."